अक्षता मूर्ती, ‘नॉन-डॉम’ आणि ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाची किंमत

लालबागच्या चाळीत सगळी हयात काढलेल्या माणसाला विचारा, ‘गाव कुठलं तुमचं?’ तो लालबाग म्हणणार नाही. कणकवली म्हणेल, संगमेश्वर म्हणेल, नाहीतर ‘देवगडच्या अलीकडे, तुम्हाला माहीत नसेल’ असं सांगून मोकळा होईल. रेशनकार्ड मुंबईचं, मतदान मुंबईत, मुलांच्या शाळा मुंबईत. पण गाव तिकडे. गणपतीला तिकडे जायचं आणि रिटायर झालो की तिकडेच जाऊन राहायचं, असं निदान बोलून तरी दाखवायचं.

आपल्याकडे या उत्तरावरून कुणाचा आयकर ठरत नाही. भारतात कर बघतो तुम्ही वर्षातले किती दिवस इथे होतात ते. ब्रिटनमध्ये मात्र शंभराहून जास्त वर्षं, अगदी एप्रिल २०२५ पर्यंत, ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता यावर लाखो पौंडांचा फरक पडू शकत होता. त्या व्यवस्थेला म्हणत ‘नॉन-डॉम’. हा शब्द आपल्या टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर पोचला तो अक्षता मूर्ती यांच्यामुळे, एप्रिल २०२२ मध्ये: ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्या या पत्नी नॉन-डॉम आहेत, अशी बातमी आली होती. तेव्हा आपल्याकडे दोनच मतं ऐकू येत होती. एक, ‘एवढा पैसा असून कर चुकवला’. दोन, ‘काही चुकवलेलं नाही, सगळं कायदेशीर आहे, उगाच भारतीय म्हणून मागे लागलेत’. कायद्याच्या बाजूने बघितलं तर दुसरं मत बरोबर आहे. तरीही ब्रिटिश लोक का भडकले, हे त्या मतातून कळत नाही. ते कळायला हा नियम थोडा आतून बघावा लागतो.

आधी माणसं. अक्षता यांचा जन्म एप्रिल १९८० चा, हुबळीचा. आई सुधा मूर्ती, वडील नारायण मूर्ती. पुण्याशी या घराचा संबंध जुना: सुधाताई टेल्कोत इंजिनिअर होत्या, आणि १९८१ मध्ये इन्फोसिस सुरू झाली ती पुण्यातच, त्यांनी बाजूला टाकलेल्या दहा हजार रुपयांवर. कंपनी पुढे बंगळुरूला गेली, १९९३ मध्ये शेअर बाजारात आली, बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे. अक्षता शाळेला बंगळुरूत, मग कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट मॅकेना कॉलेज, नंतर स्टॅनफर्डला एमबीए. तिथे ऋषी सुनक भेटले. २००९ मध्ये बंगळुरूत लग्न झालं. अक्षता यांनी नोकऱ्या केल्या, भारतीय कारागिरीवर आधारलेला कपड्यांचा स्वतःचा ब्रँड काढला, जो पुढे बंद झाला, आणि ‘कॅटामरान व्हेंचर्स यूके’ ही गुंतवणूक कंपनी पतीबरोबर सुरू केली. २०१५ मध्ये सुनक खासदार व्हायच्या आधी त्यांचा वाटा पत्नीच्या नावावर गेला. सुनक फेब्रुवारी २०२० मध्ये अर्थमंत्री झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान.

पण आपल्या विषयाला महत्त्वाचा आकडा एकच: २०२२ मध्ये अक्षता मूर्ती यांच्या नावावर इन्फोसिसचे सुमारे ३ कोटी ८९ लाख शेअर होते, म्हणजे कंपनीचा ०.९३ टक्के हिस्सा. ब्रिटिश वर्तमानपत्रं त्याची किंमत ६९ कोटी पौंडांच्या आसपास सांगत होती. इन्फोसिसने आर्थिक वर्ष २०२१-२२ साठी शेअरमागे एकूण ३१ रुपये लाभांश दिला. गुणाकार करा, १२० कोटी रुपये होतात. हा पैसा भारतातल्या कंपनीचा आणि तो मिळणाऱ्या बाई राहतात लंडनला, अर्थमंत्र्यांच्या घरात. त्यावर ब्रिटनने कर घ्यायचा की नाही?

डोमिसाइल: आपलं आणि त्यांचं

डोमिसाइल हा शब्द मराठी घरात बारावीच्या निकालाबरोबर येतो. माझ्या भाचीच्या प्रवेशाच्या वेळी मी स्वतः सेतू केंद्रापुढच्या रांगेत उभा राहिलोय, हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, जुनी वीजबिलं. आपल्या डोमिसाइलचा हिशेब सरळ आहे. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचे कागद दाखवा आणि दाखला घ्या. मनात काय आहे हे तहसीलदार विचारत नाही.

इंग्लंडच्या कायद्यातलं डोमिसाइल याच्या बरोबर उलटं चालतं. तिथे वर्षं मोजणं दुय्यम, मनातला इरादा मुख्य. मूल जन्मलं की त्याला एक डोमिसाइल आपोआप चिकटतं, आणि आईवडील विवाहित असतील तर ते वडिलांचं असतं. मूल कुठल्या हॉस्पिटलात जन्मलं याला किंमत नाही. हे ‘मूळ डोमिसाइल’. आपल्या भाषेत मूळ गाव. मोठेपणी माणूस दुसऱ्या देशात जाऊन राहिला आणि ‘आता कायमचं इथेच’ असं त्याने ठरवलं, तर नवं डोमिसाइल लागतं. दोन्ही गोष्टी लागतात: राहणं आणि ठरवणं. नुसतं राहून मूळ गाव पुसलं जात नाही.

किती पुसलं जात नाही, याचा एक खटला वकिलांच्या अभ्यासात हमखास येतो. जॉर्ज बोवी नावाचा ग्लासगोचा गृहस्थ. आधी ग्लासगोत किरकोळ कामधंदा केला, मग तो सोडून दिला आणि भावंडांच्या जिवावर राहू लागला. १८९२ मध्ये लिव्हरपूलला भावाकडे गेला आणि १९२७ मध्ये वारला तोवर तिथेच राहिला. मध्ये एकदाही परत स्कॉटलंडला गेला नाही. आई वारली तेव्हासुद्धा नाही. स्वतःच्या थडग्याची जागाही लिव्हरपूलला घेऊन ठेवली होती. पण स्वतःला तो शेवटपर्यंत ग्लासगोचा माणूस म्हणवायचा आणि ग्लासगोचं साप्ताहिक वाचायचा. मागे त्याने हाताने लिहिलेलं, साक्षीदार नसलेलं मृत्युपत्र निघालं. स्कॉटलंडच्या कायद्याने ते चालायचं, इंग्लंडच्या नाही. म्हणून प्रश्न आला: या माणसाचं डोमिसाइल कुठलं? १९३० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला: स्कॉटलंडच. पस्तीसेक वर्षं लिव्हरपूलला काढली खरी, पण ती अशी विचार करून, ठरवून काढली असं दिसत नाही.

बोवी आणि लालबागचा चाकरमानी यांत फरक एवढाच, की चाकरमानी निदान शिमग्याला तरी घरी जातो.

आता अक्षता मूर्ती यांच्याकडे या. वडिलांचं डोमिसाइल भारत, म्हणून त्यांचं मूळ डोमिसाइल भारत. ब्रिटनमध्ये कायमचं राहायचं ठरवलेलं नाही, पुढे भारतात परतायचं आहे, असं त्यांचं म्हणणं असेल तर त्या ‘नॉन-डॉमिसाइल्ड’, म्हणजे नॉन-डॉम. इथवर काही वावगं नाही.

त्यांच्या प्रवक्त्यांनी पहिल्या दिवशी जो खुलासा केला तो मात्र मला तेव्हाही लंगडा वाटला होता. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्या भारताच्या नागरिक आहेत, म्हणून ब्रिटनच्या करापुरत्या त्या नॉन-डॉम ठरतात, असा त्याचा सूर होता. नागरिकत्व आणि डोमिसाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ब्रिटिश पासपोर्ट खिशात असलेला माणूस नॉन-डॉम असू शकत होता, आणि भारतीय पासपोर्टवाला, लंडनलाच हाडं ठेवायची ठरवलेली असतील तर, ब्रिटनचा डोमिसाइल. पासपोर्ट हा फार तर एक पुरावा. आणि याहून महत्त्वाचं: नॉन-डॉम असणं एक आणि त्याची करसवलत घेणं दुसरं. सवलत आपोआप अंगावर पडत नव्हती. एवढ्या मोठ्या उत्पन्नासाठी ती दरवर्षी रिटर्नमध्ये मागून घ्यावी लागे.

पैसा आणला तर कर, नाही आणला तर नाही

सवलतीचं नाव ‘रेमिटन्स बेसिस’. ब्रिटनमध्ये राहणारा सामान्य माणूस जगात कुठेही कमावलं तरी त्यावर ब्रिटनला कर देतो. रेमिटन्स बेसिस घेतलेला नॉन-डॉम परदेशातल्या कमाईवर तेव्हाच कर द्यायचा, जेव्हा तो पैसा ब्रिटनमध्ये आणायचा. आणला नाही, बाहेरच्या बाहेर गुंतवला, तर ब्रिटनचा त्यावर काही हक्क नसायचा. आणण्याची व्याख्याही कडक होती. लंडनच्या दुकानात कार्ड घासायचं आणि बिल मुंबईच्या खात्यातून भरायचं, तेही ‘आणणं’च.

उदाहरण घेऊ. हे कुणाच्या रिटर्नमधले आकडे नाहीत, फक्त नियमाचा स्वभाव कळावा म्हणून. समजा १०० रुपये लाभांश आला आणि भारतात १० रुपये कापले गेले. ब्रिटनमध्ये सगळ्यात वरच्या पायरीवरच्या माणसाला लाभांशावर एप्रिल २०२२ पासून ३९.३५ टक्के दर होता. साध्या रहिवाशाचा हिशेब: ब्रिटनचे ३९ रुपये ३५ पैसे, त्यातून भारतात भरलेले १० वजा, म्हणजे अजून २९ रुपये ३५ पैसे लंडनला भरा. हातात साठ रुपये आणि चिल्लर. नॉन-डॉमचा हिशेब: पैसे बंगळुरूलाच ठेवले, लंडनला शून्य, हातात ९०.

याच्या बदल्यात काही द्यावं लागायचं. सवलत मागितली की साडेबारा हजार पौंडांची करमुक्त मर्यादा जायची. मागच्या ९ वर्षांतली ७ वर्षं ब्रिटनमध्ये झाली असतील तर वर्षाला ३० हजार पौंड आकार, आणि १४ पैकी १२ वर्षं झाली की ६० हजार. अक्षता मूर्ती ३० हजारांच्या पायरीवर होत्या. तेव्हाच्या दराने हे साधारण ३० लाख रुपये. वर काढलेल्या १२० कोटींशेजारी हा आकडा ठेवून बघा. पन्नास हजार पौंडांचा बाहेरचा पगार असलेल्या माणसाला ३० हजार भरून सवलत घेणं परवडणार नाही. ज्याला वर्षाला लाखो पौंड येतात त्याच्यासाठी ती टोलनाक्यावरची पावती. नियम सगळ्यांना सारखा, पण उपयोग ठरावीक लोकांनाच, अशा नियमांपैकी हा एक. त्या सुमारास ब्रिटनमध्ये नॉन-डॉम म्हणून नोंद असलेले लोक ७० हजारांच्या आसपास होते.

मुळात असा नियम आला कुठून? १७९९ मध्ये धाकट्या विल्यम पिटने फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी आयकर आणला तेव्हाच परदेशातली कमाई देशात आणेपर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी सोय ठेवली गेली. वसाहतींमध्ये मळे असलेल्या बड्या लोकांना ती सोयीची होती. १९१४ मध्ये सरकारने ती बहुतेकांची काढून घेतली, पण ज्यांचं ‘गाव’ ब्रिटन नाही त्यांची ठेवली. म्हणजे साम्राज्यातल्या मळेवाल्यांसाठी केलेली सोय शेवटी हुबळीत जन्मलेल्या बाईंच्या उपयोगी पडली. इतिहासाचा विनोद कधी कधी बरा असतो.

तो एप्रिलचा आठवडा

‘द इंडिपेंडंट’ने ही बातमी दिली ६ एप्रिल २०२२ ला. ब्रिटनचं करवर्ष त्याच दिवशी सुरू होतं. त्याच दिवसापासून नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा नॅशनल इन्शुरन्स (तिथली सामाजिक विम्याची वर्गणी) सव्वा टक्क्याने वाढला होता, आणि ती वाढ सुनक यांनीच आणलेली. आठवडाभर आधी, १ एप्रिलला, घरगुती वीज-गॅसच्या दराची कमाल मर्यादा ५४ टक्क्यांनी वर गेली होती. लोक हीटर लावायचा की नाही हे घड्याळ बघून ठरवत होते. आपली पगाराची स्लिप हातात घेऊन बसलेल्या माणसाला त्या दिवशी वाचायला मिळालं, की कर वाढवणाऱ्या मंत्र्याच्या घरातलं सगळ्यात मोठं उत्पन्न ब्रिटनच्या कराबाहेर ठेवायची सोय आहे, तीही त्याच मंत्र्याच्या खात्याखाली येणाऱ्या नियमाने.

वर मुख्य खोच ही: नॉन-डॉम म्हणजे ‘मी इथे कायमची नाही’ असं सांगणं. नवरा देशाचा अर्थमंत्री, पुढेमागे पंतप्रधान व्हायची चर्चा, मुली इथल्या शाळेत, आणि कर खात्याला सांगायचं की आमचं गाव दुसरीकडे. त्याच आठवड्यात सुनक यांच्याकडे अर्थमंत्री झाल्यावरही अमेरिकेचं ग्रीन कार्ड होतं आणि ते त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये परत केलं, हेही बाहेर आलं. मग लोक विचारणारच, की बाबांनो, तुम्ही राहणार आहात ना इथे?

दोन दिवसांनी, ८ एप्रिलला, अक्षता मूर्ती यांनी जाहीर केलं की यापुढे जगभरच्या उत्पन्नावर त्या ब्रिटनमध्ये कर भरतील, आणि नुकतंच संपलेलं २०२१-२२ हे वर्षही त्यात धरतील. न्याय्य काय याबद्दलची ब्रिटिश लोकांची भावना आपण समजतो, आपल्या करामुळे पतीच्या कामात अडथळा नको, असा त्या निवेदनाचा आशय होता. पण त्यातच त्यांनी हेही नोंदवलं की जन्म, नागरिकत्व, आईवडिलांचं घर आणि डोमिसाइल भारतच आहे. म्हणजे सवलत सोडली, नॉन-डॉम असणं सोडलं नाही. बातम्यांच्या गदारोळात या वाक्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. खरी मेख तिथेच आहे, तिच्याकडे येतोच.

सुनक यांनी स्वतःच आपल्या व्यवहारांची तपासणी मागितली. मंत्र्यांच्या आचारसंहितेवर देखरेख करणारे लॉर्ड गाइट यांनी महिन्याच्या शेवटी निर्वाळा दिला की सुनक यांनी संहिता मोडलेली नाही. पत्नीच्या करस्थितीची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. पुढे जुलैत, सुनक यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर, दारात ताटकळणाऱ्या पत्रकारांना अक्षता मूर्ती स्वतः ट्रेमधून चहा-बिस्किटं घेऊन आल्या. दारी आलेल्याला चहा विचारायचा, हे आपल्याला अगदी घरचं वाटेल. तिथे चर्चा झाली ती कपांची. एका कपाची किंमत ३८ पौंड आहे, असं कुणीतरी लगेच शोधून काढलं.

नवऱ्याचं गाव ते बायकोचं गाव?

एक गंमत इथे सांगितलीच पाहिजे. हेच लग्न १९७४ च्या आधीचं असतं, तर हा वाद उद्भवलाच नसता. तोपर्यंत इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बाईचं डोमिसाइल नवऱ्याचं होत असे, तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. सुनक साउदॅम्प्टनला जन्मले, वाढले. अक्षता मूर्ती यांचं ‘गाव’ त्या काळी सप्तपदीबरोबरच बदललं असतं. १९७३ च्या कायद्याने, जो १९७४ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला, विवाहित बाईला स्वतःचं डोमिसाइल मिळालं. स्त्रियांच्या बाजूने झालेली ती मोठी सुधारणा होती; तिचा एक जोडपरिणाम हा असा.

म्हणूनच ‘मंत्र्याच्या बायकोचा पैसा, त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय’ हा युक्तिवाद अर्धा पटतो, अर्धा नाही. बाई स्वतंत्र आहे, तिची मिळकत तिची आहे, हे मान्य. पण मंत्री जो निर्णय घेतो त्याचा फायदा त्याच्या घरात जाऊ शकतो, आणि म्हणून तिथल्या मंत्र्याला जोडीदाराचे हितसंबंधही सांगावे लागतात. २०२३ मध्ये याचं एक लहानसं उदाहरण घडलं. मार्चच्या अर्थसंकल्पात मुलं सांभाळणाऱ्यांसाठी प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली. एजन्सीमार्फत येणाऱ्यांना १,२०० पौंड, बाकीच्यांना ६००. अशा एजन्सींपैकी एक होती ‘कोरू किड्स’, आणि तिच्यात अक्षता मूर्ती यांचे शेअर होते. संसदीय समितीपुढे सुनक यांना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी ते सांगितलं नाही. संसदेच्या मानक आयुक्तांनी ऑगस्टमध्ये निष्कर्ष काढला की नियम मोडला, पण अनवधानाने, गैरसमजातून. पंतप्रधानांनी माफी मागितली, विषय मिटला.

समाजकार्याबद्दल थोडक्यात. आईने इन्फोसिस फाउंडेशन वाढवलेलं, त्यामुळे घरात ते वळण होतंच. अक्षता मूर्ती यांनी डाउनिंग स्ट्रीटवर असताना शाळकरी मुलांना तिथे बोलावून तास घेण्याचा उपक्रम चालवला. आपल्या जुन्या कॉलेजात या जोडप्याच्या नावाची संगणन प्रयोगशाळा उभी आहे. २०२५ मध्ये दोघांनी मिळून ‘द रिचमंड प्रोजेक्ट’ काढला, इंग्लंडमधल्या लोकांची अंकगणिताची भीती घालवण्यासाठी. चांगलं काम आहे. मात्र आपल्याकडे त्या वादात ‘एवढं दान करतात, मग कराचं काय घेऊन बसलात’ असं लिहिणारे बरेच होते, ते मला पटत नाही. दान कुठे द्यायचं हे देणारा ठरवतो. कराचा पैसा कुठे जाईल हे तो ठरवू शकत नाही. एकाची वजावट दुसऱ्यात होत नाही.

मेख: वारसा कर

ब्रिटनमध्ये माणूस वारला की ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर साधारणपणे ४० टक्के वारसा कर लागतो. भारतात असा कर होता, १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना तो गेला. आता ६९ कोटी पौंडांचे शेअर घ्या. त्याचे ४० टक्के म्हणजे सुमारे २७ कोटी ६० लाख पौंड. वर्षाच्या लाभांशावरचा कर याच्यापुढे किरकोळ आहे.

नॉन-डॉम माणसाच्या ब्रिटनबाहेरच्या मालमत्तेवर हा कर लागत नसे. २०१७ पासून त्यातली अट आणखी कडक झाली: २० पैकी १५ वर्षं ब्रिटनमध्ये झाली की तुम्ही करापुरते डोमिसाइल, मनात काहीही असो. (पंधरा वर्षं! आपल्या सेतू केंद्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.) पण भारतीयांसाठी एक खिडकी उघडी राहिली. भारत आणि ब्रिटन यांच्यात १९५६ चा, दोन्हीकडे मृत्यूनंतरचा कर होता त्या काळातला, एक करार आहे. त्यानुसार मरणसमयी माणूस भारताचा डोमिसाइल ठरला, तर त्याच्या ब्रिटनबाहेरच्या मालमत्तेवर ब्रिटन साधारणपणे वारसा कर लावू शकत नाही. भारताने आपला कर कधीच बंद केला, करार मात्र तसाच राहिला. एका देशात कर नाही आणि दुसरा देश लावू शकत नाही, अशी दुर्मीळ जागा त्यातून तयार झाली. आता ८ एप्रिलच्या निवेदनातलं ‘डोमिसाइल भारतच’ हे वाक्य पुन्हा वाचा. लाभांशावरची सवलत सोडून देणं आणि डोमिसाइल जपून ठेवणं, यांत कुठली वस्तू मोठी आहे ते कळतं.

मग नियमच गेला

लेबर पक्ष नॉन-डॉम सवलत काढायचं वचन बराच काळ देत होता. ती काढल्याची पहिली घोषणा मात्र मार्च २०२४ मध्ये झाली हुजूर पक्षाच्या अर्थमंत्र्यांकडून, जेरेमी हंट यांच्याकडून, आणि पंतप्रधान होते ऋषी सुनक. जुलैत निवडणूक हरून ते गेले. अंमलबजावणी केली लेबरच्या रेचल रीव्हज यांनी, हंट यांच्या मसुद्यातल्या काही पळवाटा बुजवून. ६ एप्रिल २०२५ पासून करासाठी डोमिसाइल बघणं बंद झालं. आता बघायचं ते राहिलेल्या वर्षांकडे. आधीची १० वर्षं ब्रिटनबाहेर काढून नव्याने आलेल्याला पहिली ४ वर्षं परदेशी उत्पन्नावर कर नाही, आणि ते देशात आणलं तरी चालतं. पाचव्या वर्षापासून सगळं जगभरचं उत्पन्न कराखाली. आणि २० पैकी १० वर्षं झाली की जगभरची मालमत्ता वारसा कराखाली.

हे फक्त अब्जाधीशांचं प्रकरण नाही, म्हणून शेवटी दोन शब्द लंडन, स्लाउ, मँचेस्टरकडच्या मराठी मंडळींसाठी. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय, इथल्या बँकेत एनआरई (परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीची) ठेव आहे, बाबांनी नावावर काही शेअर करून ठेवलेत, असं साधं चित्र असलेली पुष्कळ घरं तिथे आहेत. पूर्वी परदेशी उत्पन्न वर्षाला २ हजार पौंडांच्या आत असेल आणि ते तिकडेच ठेवलं, तर नॉन-डॉम माणसाला काही न मागता, काही न भरता सवलत मिळायची. ती सोयही त्याबरोबर गेली. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, म्हणून बरेच जण ते जमेतच धरत नाहीत. भारतात कर भरलेला नाही म्हणजे ब्रिटनमध्ये वजा करायलाही काही नाही, असा त्याचा अर्थ होतो. व्याज रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भाड्याचंही तसंच.

आणि १९५६ चा तो करार अजून उभा आहे. उत्पन्नाच्या करातून डोमिसाइल हद्दपार झालं, तरी या एका कागदात ते शिल्लक आहे. दहा वर्षं उलटून गेलेल्या मराठी माणसाच्या मागे साताऱ्याचं घर आणि इथले शेअर राहिले, तर त्यावर ब्रिटनने ४० टक्के घ्यायचे की नाही हे ठरवताना भारतातल्या कायद्याने त्याचं डोमिसाइल कुठलं होतं, हे विचारलं जाऊ शकतं. उत्तर द्यायला तो नसतो. मग घरचे कपाट उघडून कागद काढतात: गावच्या घराची पट्टी कोण भरत होतं, परतीबद्दल कुणाला काही लिहिलं होतं का, मृत्युपत्रात काय म्हटलंय, अस्थी कुठे सोडायला सांगितल्या होत्या.